बाकीच्या सात जणी

विमान चांगी विमानतळावर उतरायला लागलं तेव्हा खाली इतकी जहाजं उभी होती, की समुद्रातच वाहनतळ केलाय असं वाटलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागायला महिना होता. घरी येरझाऱ्या घालून मी आईला वैताग आणला होता, म्हणून सिंगापूरच्या मावशीने तिकीट पाठवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नापास झालो तर पुढे काय, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

येरझाऱ्या इथेही थांबल्या नाहीत. मावशीचा फ्लॅट हौगांगमध्ये, नवव्या मजल्यावर. मावशी आणि काका सकाळी चांगी बिझनेस पार्कला कामाला गेले की मी खाली उतरायचो आणि एका ब्लॉकपासून दुसऱ्यापर्यंत चालत राहायचो. सगळे ब्लॉक सारखेच, त्यामुळे परत येताना भिंतीवरचे आकडे वाचत यावं लागे. दोनदा चुकलो. एकदा तर दुसऱ्याच कुणाच्या दाराची बेल वाजवली.

पाचव्या दिवशी मावशीने काम दिलं. "उद्या सानिकाची आंतरशालेय पोहण्याची स्पर्धा आहे. आम्हाला दोघांनाही रजा नाही. तू जा बाबा तिच्याबरोबर. आणि वेळ किती लागली ते मला लगेच एसएमएस कर."

सानिका माझी मावसबहीण, चौदा वर्षांची. गेल्या वर्षी ती नववी आली होती आणि अंतिम शर्यतीत घेतात आठच जणींना. त्या एका जागेसाठी वर्षभर त्या घरात पहाटे पाचचा गजर वाजत होता.

सकाळी बसने निघालो. तलावाजवळच्या कॉफी शॉपमध्ये कोपी (घट्ट गोड दुधाची कॉफी) मागायला मी उभा राहिलो खरा, पण मागची रांग पाहून माझं इंग्रजी घशातच अडकलं. शेवटी सानिकाच पुढे झाली. "अंकल, कोपी वन!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, व्हाय सो कांचिओंग? स्विमिंग माझं आहे, लाह." लाह हे तिथे वाक्याला लावायचं शेपूट; कांचिओंग म्हणजे उतावळा, जीव टांगणीला लागलेला. पाच दिवसांत हा शब्द तिने मला निदान वीस वेळा चिकटवला होता.

तलावाच्या पायऱ्यांवर शाळाशाळांची मुलं आपापल्या रंगाचे शर्ट घालून ओरडत होती. माझ्या शेजारी एक चिनी आजोबा स्टॉपवॉच घेऊन बसले होते. त्यांची नात सानिकाच्याच शर्यतीत होती. त्यांचं इंग्रजी तुटक, माझंही तुटक, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

एक मुलगी पहिली आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, "ही गेली अंतिम शर्यतीत!"

आजोबांनी मान हलवली. "नाही, नाही. ही फक्त हीट (प्राथमिक शर्यत). अशा चार हीट. सगळ्यांच्या वेळा एकत्र करायच्या, त्यातल्या आठ घ्यायच्या. इथे घड्याळ बघायचं, माणूस नाही."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. ज्यांची वेळ आधीपासून चांगली त्यांना मधल्या लेन, बाकीच्यांना कडेच्या. पलीकडच्या खोल तलावात उंच फळीवरून सूर मारायचा सराव चालला होता. तिथे घड्याळच नसतं, पंच गुण देतात आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी गुण काढून टाकतात.

"का?" मी विचारलं.

"एका पंचाची लाडकी, एकाची नावडती. दोघंही घरी!" आजोबा स्वतःच खो खो हसले.

तिसऱ्या हीटमध्ये सानिका आली. तिसरी लेन. मी उठून उभा राहिलो. लांब शिट्टी झाली, आठ मुली ठोकळ्यांवर चढल्या. "टेक युअर मार्क्स," असा आवाज आला आणि आठही जणी वाकल्या. सगळा तलाव चिडीचूप झाला.

ती शांतता मला सहन झाली नाही. आमच्या गावात पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरं पोहायला शिकतात. विहिरीच्या काठावर कुणी असं वाकून थांबलं, तर तो घाबरलाय असं समजून सगळे ओरडतात आणि त्याने उडी मारेपर्यंत ओरडतच राहतात. गप्प बसणं म्हणजे त्याला एकटं सोडणं.

"सानू, मार उडी!" मी ओरडलो.

सानिका पुढे झुकली. लगेच भोंगा वाजला आणि आठही जणी पाण्यात गेल्या. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्टॉपवॉचवर नजर लावली. मला वाटलं, झालं ते ठीकच झालं. सानिका जीव तोडून पोहली. आजोबांच्या स्टॉपवॉचवरची वेळ पाहून मी मावशीला एसएमएससुद्धा करून टाकला.

मग फलकावर निकाल आला. तिच्या नावापुढे वेळच नव्हती. डीक्यू, एवढीच अक्षरं.

"बाद," आजोबा हळूच म्हणाले. "भोंग्याच्या आधी हलली. शर्यत थांबवत नाहीत. संपल्यावर सांगतात."

पाण्यातून सानिका फलकाकडे बघत होती. गॉगल कपाळावर सरकवून तिने पुन्हा एकदा बघितलं.

मी पायऱ्या उतरलो. खाली प्रेक्षकांना जायला मनाई होती, तरी गेलो. तिच्या शिक्षिका मिस लिम दोरीजवळ उभ्या होत्या. मी वाक्य मनात जुळवत आलो होतो, ते सगळं विसरलो. "मॅडम, आय शाऊट. शी इज गुड. मिस्टेक इज माय."

त्यांनी मला मुख्य पंचांसमोर उभं केलं. पांढऱ्या कपड्यातले उंच गृहस्थ. त्यांनी विचारलं, "त्या वाकल्यावर ओरडलात, की त्याआधी?"

"वाकल्यावर, सर."

त्यांनी हातातला कागद मिटला. "तुम्ही येऊन सांगितलंत हे चांगलं केलंत. मीही ऐकलं होतं. पण बाकीच्या सात जणींनीही ते ऐकलं, आणि त्या हलल्या नाहीत."

निकाल बदलला नाही. मावशीला दुसरा एसएमएस करायला मला अर्धा तास लागला.

दुपारची अंतिम शर्यत सानिकाने माझ्या शेजारी बसून पाहिली. तिची वेळ सहावी लागली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती टॉवेलचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "मिस लिम म्हणाल्या तू पंचांशी बोललास. इंग्लिशमध्ये?"

"हो."

"तुला एक कोपी मागता येत नाही!" ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. टॉवेलमध्ये तोंड खुपसून ती म्हणाली, "तू ओरडलास म्हणून नाही, दादा. कॅपमध्ये मला भोंग्याशिवाय काही ऐकू येत नाही. प्रॅक्टिसमध्ये पण मी आधीच हलते. मिस लिम रोज ओरडतात. मीच कांचिओंग."

खाली आठ मुली वाकल्या. सानिकाने माझं मनगट घट्ट धरलं. भोंगा वाजेपर्यंत आम्ही दोघांनी श्वास रोखून धरला.

निघायच्या दिवशी तिने मला विमानतळावर विचारलं, "रिझल्ट कधी?" मी म्हटलं, "पंधरा दिवसांनी." ती म्हणाली, "तोपर्यंत हलू नकोस." पहाटे पाचचा गजर त्या दिवशीही वाजला होता.

घरी आलो त्याच संध्याकाळी विहिरीवर गेलो. काठावर वाकून उभा राहिलो आणि ठरवलं, दहा आकडे मोजायचे, मगच उडी. खालून मित्र ओरडायला लागले, "काय रे, सिंगापूरला जाऊन पोहायचं विसरलास का? मार की उडी!" त्या सात जणी डोळ्यांसमोर आणल्या. किती सोपं दिसत होतं त्यांचं ते नुसतं थांबणं.

सहाव्या आकड्याला माझा तोल गेला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सायबर कॅफेत जाऊन सानिकाला ईमेल केली. निकालाबद्दल काही लिहिण्यासारखं नव्हतंच. एवढंच लिहिलं, "मीही बाद. आज पुन्हा विहिरीवर जातोय."