दिवस मावळायच्या आत

पडदा हळूहळू वर जातो. उजेड सगळा एकाच बाजूने, पश्चिमेकडून तिरका येतोय. निपाणीच्या बाहेर चिकोडी रस्त्याला एक स्लॅबचं घर, पुढे फरशीचा कट्टा, पलीकडे उभा ऊस. कट्ट्यावरच्या खुर्चीत कलगोंडा आप्पा बसलेत. धोतर स्वच्छ, टोपी नीट. दोन्ही हात मात्र मांडीवर थरथरताहेत. बोटं अशी हलतात, जणू न संपणारी जपमाळ ओढताहेत. समोर स्टुलावर त्यांची बावीस वर्षांची लेक त्रिशला. तिच्या हातात ताट. ती घास उचलते, पण तोंडाशी घाईनं नेत नाही. आप्पांची हनुवटीही थरथरते. त्रिशला मान जराशी कलती करून थांबते, हनुवटी क्षणभर स्थिरावली की तेवढ्यात घास आत. शेवटी गोळी, दोन घोट पाणी. सूर्य बुडायला दहा मिनिटं बाकी. रोजचा हा प्रवेश, टाळ्यांवाचून पार पडणारा.

घड्याळापेक्षा सूर्याकडं डोळे लावायचं कारण होतं. बायको गेल्यावर आप्पांनी मुनिमहाराजांपुढं हात जोडून नेम घेतला होता, की दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. गोळीसुद्धा नाही. पुढं हा कंपवाताचा आजार आला. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, पण आप्पा नेमाला हटले नाहीत. घरात मुलगा विनय होता, पण तो कागलच्या कारखान्यात दुपारपाळीला. सून सौम्या होती, मायेची होती, स्वयंपाक तिचाच. पण सुनेनं सासऱ्याच्या तोंडात घास घालायचा? आप्पा लाजेनं तोंड फिरवत. लेकीच्या हातचं मात्र लहान मुलासारखं खात.

ह्याच आप्पांनी आठ वर्षांच्या त्रिशलाला स्कूटरवर पुढं उभी करून निपाणीत भरतनाट्यमच्या क्लासला घातलं होतं. भावकीतल्या एकानं हटकलं, "आप्पा, जैनाची पोर स्टेजवर नाचणार व्हय?"

"नाचंल की. तुमच्या पोरी मोबाइलपुढं नाचत्यात, माझी गुरूपुढं नाचती. एवढाच फरक."

निपाणीतलं शिकून झाल्यावर ती बेळगावला टिळकवाडीत अनुराधा टीचरांकडं जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा, सकाळची बस, दुपारी परत. टीचरांनीच तिचं नाव बेंगळूरच्या एका नृत्यसंस्थेला कळवलं. दोन वर्षं तिथं राहून शिकायचं, त्यांच्याबरोबर कार्यक्रम करायचे. निवड करायला तिथली माणसं डिसेंबरात बेळगावला आली. त्रिशलानं आप्पांना सांगितलं, "साडेपाचला दारात असतो बघा." आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, असतो, येतो, जातो.

त्या दिवशी ती अडीच वाजता नाचली. चांगली नाचली. तीनची बस तिला सहज मिळाली असती. पण परीक्षकांतल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "नृत्त, म्हणजे ताल आणि पावलं, पाहिलं. आता आम्हाला अभिनय पाहायचाय. सगळ्यांचं झाल्यावर थांबशील?"

टीचरांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना घरचं ठाऊक होतं. त्रिशलानं खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. ऊन तिला स्वयंपाकघरातल्या घड्याळाहून जास्त कळायचं. आणि ती म्हणाली, "थांबतो."

साडेचारला तिची पाळी आली. यशोदा बाळकृष्णाला भरवते आहे, एवढाच विषय. बाळ तोंड हलवतं, मान फिरवतं, घास घेत नाही. त्रिशलानं मान कलती केली. हात तोंडाजवळ नेऊन थांबवला. हनुवटी स्थिरावण्याची वाट पाहिली आणि त्या क्षणात घास भरवला. त्या वयस्क बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

घरी तेव्हा सौम्या ताट वाढून उभी होती. "मामा, आजच्या दिवस मी भरवू काय?"

"ऱ्हाऊ दे बाळ. येईल ती."

सूर्य उसाआड गेला. आप्पांनी थरथरते हात कसेबसे जोडले आणि ताट आत न्यायला सांगितलं. त्रिशला पोचली तेव्हा सात वाजत आले होते. आप्पा आणि सौम्या तिच्याकडं बघत होते आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉल्या आडव्या पडलेल्या, आप्पा. दीड तास बस हलली न्हाय."

आप्पांनी एका शब्दानं विचारलं नाही. उलट म्हणाले, "हंगाम हाय. तुझा काय दोष?"

संध्याकाळची गोळी चुकली, आणि सकाळी त्यांचं अंग लाकडासारखं आखडलं होतं. खाटेवर उठवून बसवायला विनय आणि ती, दोघं लागली. पण खरी शिक्षा पुढंच होती. दुपारी ट्रॅक्टरवाला शामू ऊस भरायला आला, तर आप्पांनी खुर्चीतूनच त्याला फैलावर घेतलं. "काय रं, रस्ता तुझ्या आज्ज्याचा हाय काय? पोरीबाळी अडकून पडत्यात, भान न्हाय?"

शामू गोंधळला. "मी काल तिकडं गेलतोच न्हाय की, आप्पा." मग म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा म्हणून कानाला हात लावून म्हणाला, "चुकलं बघा. पुन्यांदा न्हाय हुणार."

त्रिशला दारात उभी होती. बिनगुन्ह्याचा माणूस तिच्या गुन्ह्याची माफी मागत होता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं. तिनं शामूला चहा आणून दिला, इतकंच.

फेब्रुवारीत बेंगळूरहून निवड झाल्याचा निरोप आला. टीचरांनी पेढे पाठवले. त्रिशलानं घरात जाहीर केलं, "मी जाणार न्हाय." विनय रागावला, सौम्यानं समजावलं. आप्पा मात्र गप्प राहिले. त्यांचं ते गप्प राहणं तिला पाचव्या दिवशी सोसेना. संध्याकाळी ती घास हातात धरून थांबली. हनुवटी स्थिरावली तरी हात पुढं जाईना.

"ट्रॉल्या नव्हत्या, आप्पा."

"आं?"

"त्या दिवशी रस्ता मोकळा हुता. मला थांबतीस काय म्हटलं त्यांनी, आणि मी थांबलो. तुम्ही उपाशी बसणार हे मला ठावं हुतं."

आप्पा म्हणाले, "शामूला मी उगाच बोललो की गं."

त्रिशलाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू.

"मग? नाचलीस तरी कसं?"

"लई चांगलं झालं." मान खाली घालून तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "तुम्हाला भरवतो तसंच भरवलं तिथं. तुमची हनुवटी, तुमचं थांबणं, सगळं उचललं. आणि त्या वेळात तुमची आठवण एकदासुद्धा झाली न्हाय."

ऊन कट्ट्याच्या कडेला आलं होतं. आप्पांनी आत हाक मारली. "सौम्या, इकडं ये बाळ. हिचे हात थरथराल्यात आज. तू भरव."

सौम्या पदराला हात पुसत आली, घाबरत बसली. पहिल्या घासाला वरण आप्पांच्या हनुवटीवरून धोतरावर सांडलं. दुसरा घास मात्र नीट गेला. आप्पांचे कान लाल झाले होते. साठी उलटलेल्या माणसानं आपली लाज सूर्य बुडायच्या आत गिळली. हे मोठेपण रंगभूमीवर मी कुठल्या राजाच्या भूमिकेतही पाहिलेलं नाही. त्रिशला भिंतीला टेकून बघत राहिली. तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली होती आणि आपल्याला हलकं वाटतंय, ह्याचीच तिला भयंकर लाज वाटत होती.

गोळी झाली. पाणी झालं. आप्पांनी तिच्याकडं मान वळवली.

"बेंगळूरला न्हाय म्हणून कळवलंयस ते आता परत कळव. पोर येती म्हणावं. जागा दुसऱ्याला दिली असंल तर हात जोड त्यांना."

त्रिशलानं डोळे पुसले, पण वर पाहिलं नाही.

"मी न्हाय म्हणून कळवलंच नव्हतं, आप्पा. सोमवारच्या बसचं तिकीट कवाच काढून ठिवलंय."