हातभर जागा

पुण्यात रात्रभर ट्रक लावायचा म्हणजे जो तो हाकलतो. खराडीच्या पुढे एका बंद गोदामाची भिंत सापडली, तेव्हा अंधारून येत होतं. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही ड्रायव्हर टाकीची बाजू भिंतीला चिकटवतो. मफलर गुंडाळलेले एक काका ट्रक आणि भिंतीच्या मध्ये उभे राहून फळीवर थाप मारत होते. "येऊ द्या, अजून येऊ द्या."

"अहो काका, बाहेर या, चेंगराल!"

"मी हातभर जागा सोडली होती," ते म्हणाले. "चोर तिथूनच आले. मी झोपलो तो झोपलोच."

इंजिन बंद करून मी त्यांना चहा विचारायला उतरलो. भिंत आणि टाकीच्या मध्ये माझं बोटही शिरेना.

त्याच फटीतून थाप आली. "आता झोपा निवांत."