लूमच्या आवाजात हसलो तेव्हा

परवा बुऱ्हाणपूरच्या एका गल्लीत सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला आणि मला माझीच शिसारी आली.

ही गोष्ट घडली तेव्हा मी तत्त्वज्ञानात एम.ए. करत होतो. शब्दाशिवाय विचारच होत नाही, भाषा संपते तिथे माणसाचं जग संपतं, असं मानणारा एक मोठा तत्त्ववेत्ता अभ्यासाला होता. त्याचं पुस्तक मी काखेत मारून गावभर मिरवायचो. एका दुपारी आमच्या सरांना पॉवरलूम दाखवायला नेलं, माझे वडील अण्णा काम करायचे तिथेच. सगळे लूम चालू असले की तिथे कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. कारीगर हातवारे करतात, एकमेकांचे ओठ वाचतात. अण्णांनी नुसती दोन बोटं हलवली, आणि पलीकडच्या माणसाने तुटलेला धागा जोडला.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "शब्द नाहीत, म्हणजे विचारही नाही. माकडंच ही!"

मी खदाखदा हसलो. एवढ्या आवाजात कोण ऐकतंय!

संध्याकाळी जेवताना अण्णांनी शांतपणे विचारलं, "तुझे सर आम्हाले माकड म्हणाले ना? ते बाहेरचे, त्यांना काय मालूम. पण तू कायले हसला?"

ओठ वाचायला मला लहानपणी अण्णांनीच शिकवलं होतं. सरांचं ते वाक्य मी तरी कुठे कानांनी ऐकलं होतं?