दोन गाण्यांमधली जागा

लग्न होऊन आ-चू या समुद्रकाठच्या गावात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. डोंगरातल्या माहेरी तिनं जिवंत कालव कधी पाहिलंही नव्हतं. सासूनं दुसऱ्याच दिवशी हातात आखूड पात्याची सुरी दिली, आणि पुढची तीस वर्षं त्या सुरीनं ती शिंपले उघडत राहिली. पत्र्याच्या शेडमध्ये बायकांची रांग बसायची. बायका बोलायच्या आणि आ-चू ऐकायची. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, सगळं तिच्या कानात पडायचं आणि तिथेच राहायचं. दुसऱ्याचं बोलणं पुरतं संपल्याशिवाय तिनं कधी तोंड उघडलं नाही. त्यामुळे तिची बोलायची पाळी फारशी यायचीच नाही.

अशा बाईला गावानं गाणी वाजवायला बसवलं, त्याला कारण पेई-युन. ही आ-चूच्या नणंदेची मुलगी. गावचा देव म्हणजे तिसरा राजपुत्र, वयानं पोर, म्हणून खेळकर. नवव्या महिन्याच्या नवमीला त्याची पालखी वाड्यावस्त्यांतून फिरते, आणि पालखीपुढे त्याच राजपुत्राची माणसाच्या दीडपट उंचीची सहा पोकळ सोंगं आत माणूस शिरून नाचतात, पाठीवर निशाणं लावून, धडधडत्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांवर. सोंगांमागून निळा टेम्पो चालतो, त्यात स्पीकर आणि दोन तबकड्यांचं यंत्र. सात वर्षं ते यंत्र पेई-युननं चालवलं. यंदा तिला लांबच्या ताओयुआनला नोकरी लागली.

समितीचे अध्यक्ष ले काका देवळात हिशेब मांडत बसले. "सोंगांत सहा पुरुष गेले. पालखीला आठ. उरलं कोण?"

टेम्पोत बसून सोंगवाल्यांना पाणी नि पंचे देणारी आ-चू तेवढी उरली होती. देवाला कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर पडल्या त्या दोन्ही उताण्या. म्हणजे देव हसला. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला.

"देवाला हसू आवरेना झालंय," ले काका म्हणाले.

"हसला म्हणजे नको म्हणाला नाही, काका," पेई-युन म्हणाली. "नको म्हणायचं असतं तर पालथ्या पडल्या असत्या."

त्यानंतर लागोपाठ तीनदा एक उताणी, एक पालथी पडली, म्हणजे होकार आला. आ-चूचा नवरा चिंग-फू वीस वर्षं सोंगात नाचत होता. तो बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, तुला रिमोटवर टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, हे देवालाही ठाऊक आहे."

पेई-युन चार रविवार आली. यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजीच्या टोपलीशेजारी मांडलं.

"मामी, मोजायला शीक. चार ठोक्यांचा एक चौक. आठ चौकांचं एक कडवं. जुनं गाणं नव्या कडव्याला लागेल, बरोबर त्याच ठोक्याला नवं गाणं सोडायचं. मधेच नाही."

"आणि वेग?"

"एका कानाला हेडफोन, त्यात नवं गाणं. दुसरा कान मोकळा, त्यात जुनं. दोन्ही एकत्र पडली तर एकच पाऊल ऐकू येईल. नाही पडली तर लंगडा घोडा धावल्यासारखं वाटेल. मग ही पट्टी सरकवायची, केसभर."

आ-चूला आठवडाभर लंगडा घोडाच ऐकू येत राहिला. ती पेज ढवळताना मोजायची, कपडे पिळताना मोजायची.

"पेज उतू जातेय," चिंग-फू म्हणायचा.

"दोन चौक थांबा."

संध्याकाळी ती बांधावर जाऊन बसायची. गावामागे माशांची तळी आहेत, आणि प्रत्येक तळ्यात पाणी घुसळणारी चाकं दिवसभर फिरत असतात. इतकी वर्षं तो आवाज तिला नुसता आवाज होता. आता तिला त्यात एक जवळचं चाक आणि एक लांबचं चाक वेगवेगळं ऐकू येऊ लागलं. जवळचं किंचित घाईचं होतं. ती दोन्ही एकमेकांपासून सुटत जायची, पाणी फुटल्यासारखं विसकटायची, आणि मग हळूहळू, तिचा श्वास अडेपर्यंत हळूहळू, जवळ यायची. एक क्षण सगळ्या तळ्यांवर एकच ठोका पडायचा. बगळे, बांध, उतरतं ऊन, सगळं त्या एका ठोक्यावर तोलून धरल्यासारखं व्हायचं. मग पुन्हा सुटायचं. तिला वाटायचं, आपण हात लांब केला तर त्या लांबच्या चाकाला केसभर पुढे ढकलू.

तालमीच्या दिवशी सगळी गल्ली बाहेर आली होती. सहा सोंगं डुलत निघाली. सोंगाच्या गळ्याजवळ जाळीची एक खिडकी असते, तिच्यातून आतल्याला पुढच्याची पाठ नि थोडा रस्ता दिसतो. सोंग अंगावर असेपर्यंत माणसानं बोलायचं नसतं, कारण तेवढा वेळ तो देव असतो. त्याला जे कळायचं ते कानानंच.

पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्याची वेळ आली. आ-चूनं ते हेडफोनमध्ये जुळवून ठेवलं होतं, घोडा लंगडत नव्हता. पण इतक्या माणसांसमोर जुनी सवय वर आली. चालू गाण्याचं बोलणं मधेच तोडायला तिचा हात धजेना. तिनं ते पुरतं संपू दिलं. एक श्वास घेतला. आणि मग दुसरं लावलं.

तेवढ्या श्वासात सहाही सोंगं जागच्या जागी थांबली आणि त्यांनी माना खाली घातल्या. या गावात गाणं एकाच कारणानं बंद होतं. सुतकाचं घर आलं की.

घर को आजींचं होतं. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. त्यांनी समोर उभ्या सहा वाकलेल्या राजपुत्रांकडे पाहिलं.

"मी आहे अजून," त्या म्हणाल्या. "दात गेलेत, जीव नाही गेला."

गल्ली हसली, पण आजींच्या मुलाला हसू आलं नाही. जित्या माणसाच्या दारात देवानं मान खाली घालावी यासारखा अपशकुन नाही. दुसऱ्या दिवशी आ-चू आणि चिंग-फू लाल कापड आणि डुकराचे पाय घालून शिजवलेल्या शेवयांचं पातेलं घेऊन त्यांच्याकडे गेले. गंडांतर टळावं म्हणून त्या शेवया खायच्या असतात. आजींनी दोन वाडगे संपवले.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ सूनबाई, नवमीला माझ्या दारात पुन्हा मुकी झालीस तर शेवयांनी भागायचं नाही."

ले काकांनी तेच समितीच्या भाषेत सांगितलं. पालखीच्या दिवशी पुन्हा असा खंड पडला, तर पुढच्या वर्षीपासून ताइनान शहरातलं भाड्याचं पथक आणायचं. त्यांचीच सोंगं, त्यांचीच गाणी. गावची सहा सोंगं देवळाच्या माळ्यावर जातील. घरी येऊन चिंग-फूनं सोंगाचे हातमोजे धुतले, आणि वाळले तरी दोरीवरून काढेना.

आ-चूनं पेई-युनला फोन लावला. "दोन गाणी दोन बायकांसारखी एकदम बोलायला लागली तर ऐकणाऱ्याचं डोकं उठेल ना?"

"बोलू दे की, मामी. फक्त दोघींना एकदम ओरडू देऊ नकोस. ओरडणं म्हणजे बेस, तो खालचा जाड आवाज. नवीचा बेस बंद ठेवून तिला आत घे. मग जुनीचा काढ, नवीचा दे. पाय बेसवर पडतात. बाकीचं सगळं वारा."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आ-चूच्या हातून शिंपले उघडत होते, पण ती बायका काय बोलतात ते ऐकत नव्हती. कशा बोलतात ते ऐकत होती. आणि तिच्या लक्षात आलं की या पत्र्याखाली तीस वर्षांत एकही बाई दुसरीचं संपेपर्यंत थांबलेली नाही. एकीची जावेची कागाळी चालू असतानाच दुसरीची डॉक्टरची गोष्ट खालच्या आवाजात सुरू व्हायची, पहिली बोलता बोलताच उतरायची, दुसरी चढायची, आणि मधे कुठे सांधाच नसायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच लांब गाणं चाललं होतं. थांबणारी ती एकटीच होती.

"काय गं, आज हसतेस कशाला?" शेजारणीनं विचारलं आणि पुन्हा आपल्या जावेवर घसरली.

"माझी जाऊसुद्धा तशीच," आ-चू तिचं वाक्य तोडून म्हणाली. शेजारीण बघतच राहिली.

नवमीला ईशान्येचा वारा सुटला होता. निशाणं ताठ झाली. सकाळी निघालेली पालखी चार वस्त्या करून उन्हं कलताना परत गावात शिरली, तोवर आ-चूनं शंभरावर गाणी एकात एक ओवली होती. तिला आता वेगळं मोजावं लागत नव्हतं, चौक आपोआप पडत होते. टेम्पोच्या मागून रस्ता सुटत जात होता, दारोदारी मांडलेल्या टेबलांवरचा धूप वाऱ्यानं आडवा झाला होता, आणि एका कानात पुढचं, एका कानात आत्ताचं घेऊन ती दोन्हींच्या मधे कुठेतरी बसली होती. जिथे अजून काही झालेलं नाही आणि काही संपलेलंही नाही, अशा जागी.

को आजींच्या गल्लीच्या तोंडाशी तिला दिसलं की हिरव्या निशाणांचं सोंग उजवा पाय ओढतंय. बाहेरच्याला ते नाचच वाटलं असतं. पण एकसष्ट वर्षांचा तो गुडघा रोज रात्री तिच्याच हातून तेल लावून घ्यायचा. आतून चिंग-फू बोलू शकत नव्हता, आणि देवळापर्यंत सोंग उतरवणार नव्हता. गाणंही थांबवता येत नव्हतं. ते तीन कडव्यांत संपणार होतं, आणि समोर आजींचं दार होतं.

तिनं नवं गाणं आत घेतलं, बेसशिवाय. जुन्याचा बेस काढला. आणि नव्याचा दिलाच नाही.

पायाखालची जमीनच कुणी हळूच काढून घ्यावी तसं झालं. वर दोन सुरावटी राहिल्या, एक जाणारी, एक येणारी, आणि त्या एकमेकींभोवती गिरक्या घेत गल्लीवर तरंगू लागल्या. पालखीपुढे चालणारे ले काका गर्रकन वळले. त्यांचा चेहरा कालव सुकल्यासारखा झाला होता. पण गाणं थांबलं नव्हतं. राजपुत्रांना ते कळलं. मान कुणीच खाली घातली नाही. पायांना ठोका मिळेना, तेव्हा पाय आपसूक सुटले आणि सहाही सोंगं जागच्या जागी डुलू लागली, भरतीच्या पाण्यात बांधलेल्या होड्यांसारखी. को आजी हातात उदबत्ती घेऊन उठल्या आणि त्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मोठमोठ्या रंगवलेल्या चेहऱ्यांनी त्यांच्यावर सावली धरली.

एक कडवं गेलं. दुसरं गेलं. आ-चू यंत्राकडे बघत नव्हती. ती हिरव्या निशाणांचं वरखाली होणं बघत होती. आधी भरभर, मग कमी, मग दमदार. तिसरं कडवं संपत आलं, तेव्हा सोंगानं उजवा पाय उचलून जमिनीवर नीट टेकवला, एकदा, दाबून बघितल्यासारखा. तिनं बेस दिला. सहाही राजपुत्र एकाच पावलावर निघाले.

देवळासमोर सोंग उतरवल्यावर चिंग-फू पायरीवर बसला. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. त्यानं बायकोच्या हातून पाण्याची बाटली घेतली, अर्धी डोक्यावर ओतली.

"तिथे काय केलंस?"

"काही नाही. जरा जास्त वेळ बोलू दिलं दोघींना."

"गुडघ्याचं कुणी विचारलं होतं तुला?"

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि पंचा त्याच्या मानेवर टाकला.

को आजींचा मुलगा येऊन सांगून गेला की आईच्या दारात राजपुत्रांनी इतका वेळ आशीर्वाद दिला, आई म्हणतेय शंभरी गाठणार, आता आम्हीच काय करायचं ते सांगा. ले काका तोंडातली सुपारी गालात सरकवून ऐकत होते. मग टेम्पोपाशी येऊन त्यांनी यंत्राची वायर स्वतः गुंडाळली. ताइनानचं नाव काढलं नाही.

"हे देवळात नको ठेवायला," ते म्हणाले. "इथे खारा वारा लागतो, गंजेल. तुझ्या घरीच राहू दे वर्षभर."

आ-चूचं घर देवळाच्या पुढे होतं, समुद्राला दोनशे पावलं आणखी जवळ. ते दोघांनाही माहीत होतं. तिनं यंत्र उचललं, पंच्यात गुंडाळलं, आणि काका पुढे काही बोलत होते ते संपायची वाट न बघता निघाली.