खोट आधी सांगणाऱ्या मेश्राम काकू

मेश्राम काकूंसाठी मी टाइप केलेली पहिली जाहिरात एका मिक्सरची होती. काकूंनी मिक्सर पुसून वर्तमानपत्रावर ठेवला, मोठ्या भांड्याचं झाकण उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. झाकणाला केसाएवढी चीर होती.

"हिचा फोटो काढ पहिले," त्या म्हणाल्या.

मोबाइलवरच्या जाहिरातींचं त्यांना फारसं कळत नसावं, असं मला वाटलं. लोक पहिलाच फोटो बघतात, तो छान असायला हवा, असं मी हळूच सांगितलं.

"म्हणूनच तर म्हणून राहिली. ज्याले चिरलेलं झाकण नाही पाहिजे, तो घरबसल्या नाही म्हणते. इथपर्यंत येऊन, आपल्या तोंडाकडे पाहून नाही म्हणाले लावायचं काहून त्याले?"

मिक्सर दुसऱ्याच दिवशी गेला. न्यायला आलेल्या बाईंकडे त्याच मापाचं जास्तीचं झाकण होतं. काकूंनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उचलल्या.

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि काकू तळमजल्यावर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला. निवृत्तीनंतर घरातला जास्तीचा सोफा त्यांनी जाहिरात देऊन विकला, आणि तो इतका बिनबोभाट गेला की शेजारचे आपापल्या वस्तू घेऊन येऊ लागले. कोणाची बदली झालेली, कोणाची मुलं मोठी झालेली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असलेल्या त्यांच्या समोरच्या खोलीत नेहमी काहीतरी गिऱ्हाइकाची वाट बघत उभं असायचं: पाळणा, टेबलफॅन, व्यायामाची सायकल. या कामाचे त्या काही घेत नसत. एकदा वरच्या मजल्यावरचे एक काका पंख्याच्या आवाजाचं जाहिरातीत लिहू नका म्हणाले, तर काकूंनी तसबिरींकडे बोट केलं. "यांच्यासमोर बसून लिहा लागते मले. तुम्ही आपल्या घरी बसून लिहा, मंग काही पण लिहा." काका पंखा ठेवून गेले. आवाजासकट तो विकला गेला.

टाइप करणं माझ्याकडे आलं, कारण मी घरून काम करायचे आणि माझं इंग्रजी चांगलं होतं. फोनवर बोलणं मात्र मला जमत नसे. अनोळखी नंबर दिसला की मी मोबाइल उशीखाली सरकवायचे आणि वाजायचा थांबला की मेसेज करायचे. काकूंना याची फार गंमत वाटे. "एवढ्या मोठ्या शाळेत शिकली, अन् घंटी वाजली की उंदरासारखी दडते! मेसेजमध्ये माणसाचा आवाज कुठं राहते वं?"

त्यांचा स्वतःचा आवाज ऐकण्यासारखा होता. आमच्याशी त्या नागपुरी बोलत. फोन कानाला लावला की भाषा इस्त्री केल्यासारखी सरळ व्हायची. दुपारी एक ते चार त्या कोणाला फोन करत नसत, कारण उन्हाळ्यात त्या वेळी नागपूर झोपलेलं असतं. नुसतं 'लास्ट प्राइस?' एवढंच लिहिणाऱ्या पोरांना त्या चारनंतर आवर्जून फोन करायच्या. "नमस्कार. आपण शेवटची किंमत विचारलीत. वस्तू कशी आहे, हे विचारायचं राहून गेलं का?" पलीकडून हिंदी आलं की त्याही हिंदीत: "बेटा, पहले नमस्ते, फिर दाम." मग पोरगा नमस्ते म्हणायचा. मी समोर बसून तोंडावर हात धरून हसायचे.

एका मे महिन्यात त्यांनी एका विद्यार्थ्याला कूलर संध्याकाळी पाचपर्यंत ठेवते असं सांगितलं. पावणेपाचला दुसरेच एक गृहस्थ टेम्पो घेऊन दारात. जास्त देतो म्हणाले, रोख देतो म्हणाले, घाम पुसत म्हणाले, "अहो मॅडम, तो काही येत नाही, आजकालची पोरं!"

"पाच वाजेपर्यंत हा कूलर माझा नाही आहे," काकू म्हणाल्या. "माझा नसलेला कूलर मी कसा विकू? बसा, पाणी घ्या."

त्यांना पाणी मिळालं, चहा नाही. चहा सौदा झाल्यावर, किंवा मोडल्यावर. आधी कधीच नाही. हा काकूंचा पक्का नियम होता. "चहा पेला की माणूस लाजेनं घेते," त्या म्हणायच्या. विद्यार्थी पाचला दोन मिनिटं कमी असताना सायकल हाणत आला. कूलर नेण्यासाठी टेम्पो त्या गृहस्थांचाच वापरायचं ठरलं, तेही काकूंनीच ठरवलं, आणि मग तिघांनी चहा घेतला.

विकत घेतानाही त्यांची एक रीत होती. माझ्यासाठी टेबल बघायला आम्ही एका घरी गेलो, तेव्हा भाव उतरावा म्हणून मी पुटपुटले, की रंग जरा उडालाय. काकूंनी तिथे काही दाखवलं नाही. भाव मात्र त्यांनी भरपूर उतरवला, हसतखेळत. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाल्या, "भाव कमी करा म्हणाव. टेबल खराब आहे नाही म्हणाव. त्या टेबलावर कोणाचं लेकरू अभ्यास करून गेलं आहे."

दोनेक वर्षं हे असं चाललं होतं. मग आईची शिलाई मशीन विकायची वेळ आली.

मोटर बसवलेली, फॉल-पिको करणारी मशीन. आईने हौसेने घेतली होती आणि नंतर तिला बँकेच्या नोकरीतून वेळ मिळाला नव्हता. दिसायला नव्यासारखी, पण अर्ध्या तासाने मोटर तापायची, जळका वास यायचा आणि ती बंद करून ठेवावी लागायची. काकूंच्या पद्धतीने पहिला फोटो मोटरचा गेला आणि पहिली ओळही मोटरचीच. तीन आठवडे एकही फोन आला नाही. अशात काकू बहिणीकडे काटोलला गेल्या, आठ दिवसांसाठी. त्या परत येतील तेव्हा मशीन गेलेली असावी आणि ती मी एकटीने विकलेली असावी, असं मला फार वाटत होतं. मी मोटरची ओळ काढली आणि फोटोंचा क्रम बदलला.

संध्याकाळपर्यंत बुटीबोरीहून मेसेज आला. सुनीता नाव, कापडाच्या कारखान्यात कामाला. दुसऱ्या दिवशी दिराला घेऊन आली. तिने दहा मिनिटं मशीन चालवून बघितली, टाका बघितला, खूश झाली. मी जेवढ्यास तेवढं बोलले. ती गेल्यावर मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू.

काकू आल्या, तेव्हा मी खालीच उभी होते. "विकली? तू? एकटीनं?" त्यांनी संत्र्यांची पिशवी तिथेच ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. मग विचारलं, "मोटरचं ऐकून काय म्हणाली?"

मी पिशवीतल्या संत्र्यांकडे बघितलं.

"सांगतलं ना?"

"तिने विचारलं नाही, काकू."

"तिले कसं माहीत राहीन विचाराचं?"

"सगळेच असं करतात," मी म्हटलं. स्वतःचाच आवाज मला आवडला नाही.

काकू रागावल्या नाहीत. हात सोडून आत गेल्या, चप्पल काढली, तोंड धुतलं. मी दारात उभीच. बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. "लाव तिले."

"मी सगळं नीट लिहून पाठवते."

"लिहून नाही. लाव."

"काकू, तुम्ही बोला ना. प्लीज."

"मी विकली का?"

मी नंबर लावला. घंटी वाजत होती आणि मी मनात म्हणत होते, उचलू नको. तिने उचलला. मी नाव सांगितलं आणि पुढचं वाक्य तीन तुकड्यांत बोलले: मोटर तापते, अर्ध्या तासाने, आणि मला हे माहीत होतं.

मग सुनीता म्हणाली, "असं का? मले वाटलं मलेच चालवता नाही येत. माहा दीर म्हणे, तुझ्याच हातानं बिघडली. चार दिवसांपासून बोलणे खाऊन राहिली मी."

हे मी ऐकलं ते अजून तसंच कानात आहे. तिने मशीनला दोष दिला नव्हता, मलाही नाही. स्वतःला दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि आम्ही बसने बुटीबोरीला गेलो. वाटेत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. उपदेश वगैरे काही नाही. सुनीताची एकच खोली, मशीन दारापाशी उजेडात मांडलेली, बाजूला लग्नाच्या साड्यांचा गठ्ठा. कारखान्यातली पाळी सोडून घरीच फॉल-पिकोचं काम करायचं तिने ठरवलं होतं, आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं. साड्या आठवड्यात द्यायच्या होत्या. दीर भिंतीला टेकून उभा होता. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. म्हणजे बोलायचं मलाच होतं.

मी दिराकडे बघून सांगितलं, की यांच्या हातून काही बिघडलेलं नाही, मशीन अशीच होती. मशीन परत न्यायची तर आत्ता नेऊ, ठेवायची तर मोटर मी बदलून देईन.

"ताई," सुनीता म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या दिसल्या. म्हणून मी जास्त तपासलं नाही. बिनाशिकलेली राहती कोणी, तर एक तास बसली असती मी."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मला वाचवलं नाही. "तुमचं बरोबर आहे," एवढंच मी म्हणू शकले.

सुनीताने मशीन ठेवली. काकूंनी त्याच दिवशी ओळखीच्या कारागिराला फोन केला. आम्ही तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन पुन्हा बुटीबोरीला गेलो आणि दुसरी मोटर बसली. साड्या वेळेवर गेल्या. पण मोटर बसली त्या दिवशी निरोप घेताना सुनीता मला म्हणाली, "काम तर झालं ताई. भरवसा व्हायले टाइम लागन." ती हसत नव्हती. परतताना बसमध्ये मला वाटलं, काकू आता काहीतरी म्हणतील. त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं.

त्यानंतर त्यांनी जाहिरातींचे फोन माझ्यापुढे ठेवायला सुरुवात केली. घंटी वाजली की त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "ऐकू नाही येऊन राहिलं! पोटातून बोल!" सुरुवातीला मोबाइल उशीखाली सरकवावासा वाटायचा. हळूहळू कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

यंदा काकू हैदराबादला गेल्या. गुडघे थकले होते आणि मुलगी ऐकायला तयार नव्हती. घरातलं बरंचसं सामान आम्ही दोघींनी मिळून विकलं. जाताना त्यांनी रडारड होऊ दिली नाही. "जेवली का ते रोज सांगत जा," म्हणाल्या, "अन् फोन करून." गाडी सुटल्यावर मी स्टेशनच्या पुलावर बराच वेळ उभी होते.

गेल्या महिन्यात कामात असताना मोबाइल वाजला. सुनीता. तिचा फोन येण्याचं काही कारण नव्हतं. तिचं काम वाढलंय, जाऊबाईला सोबत घेतलंय, दुसरी मशीन हवी आहे. "तुम्हीच कुठं चांगली पाहून द्या ताई. मले सुट्टी नाही, मी काही पाहाले येत नाही. तुम्ही हो म्हटलं की दीर येऊन घेऊन जाईन."

मला खुर्चीवरून उठावं लागलं. मग मी म्हटलं, "नाही, तुम्ही या. रविवारी या. मी म्हणते म्हणून घेऊ नका. तासभर चालवून बघा, मी बसते सोबत."

ती हसू लागली. "तुम्ही तर त्या काकूसारख्याच बोलून राहिल्या."

संध्याकाळी हैदराबादला फोन करून मी काकूंना सगळं शब्दशः सांगितलं. सुनीता काय म्हणाली, मी काय म्हटलं. मध्येच फोन कटला की काय, म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे, आहे," काकू म्हणाल्या. "मले एक सांग. हे तू तिले बोलली, तेव्हा पोटातून बोलली का?"

"हो काकू."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या, आणि मागे कोणालातरी हाक मारून सांगू लागल्या, "ऐक वं, आपल्या नागपूरच्या पोरीनं आज काय केलं ते ऐक."