कोऱ्या फिल्टरचं वजन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बाबा एकलहऱ्याला थर्मलच्या वीजकेंद्रात होते. घरात कुणी असलं काही सांगायला लागलं की ते म्हणायचे, "आधी फ्यूज बघा, मग भूत बघू." मीही त्यांचीच लेक. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव वाचून चक्क हसायचे... आता हसत नाही. कारण माझ्यासोबत काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतलं होतं, आणि तो वाचला कसा हे मला अजून कळलेलं नाही.

नाशिकजवळ सातपूरला एका खासगी लॅबमध्ये मी हवेतली धूळ मोजते. होय, धूळ! गेल्या वर्षी आम्हाला कोकणातल्या एका बंदराचं काम मिळालं — तिथल्या हवेत कण किती, त्यात समुद्राचं मीठ किती आणि बोटींच्या डिझेलचा धूर किती. आमचे सलीमभाई तिकडे मुक्कामाला होते. सायखेड्याचे, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, दम्याचे पेशंट, पण शिडीवर चढण्यात कुणाला हार जाणार नाहीत. बर्फाच्या एका बंद कारखान्याच्या गच्चीवर पंप लावायचा, हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टर पार्सलने नाशिकला पाठवायचे, हे त्यांचं काम. ते तोलायचे, हे माझं.

प्रत्येक पेटीत एक कोरा फिल्टर असतो, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. तो पंपात लावायचाच नाही. बंद डबीत नुसता फिरून परत येतो. त्याचं वजन वाढलं तर समजायचं की कुणीतरी घोळ घातलाय, आणि अख्खी पेटी बाद.

त्या दुपारी मी वजनाच्या खोलीत एकटी होते. खोली कसली, कोनाडाच! खिडकी नाही, दार हवाबंद, मोबाइल बाहेर ठेवायचा. काटा इतका नाजूक की शेजारी जोरात श्वास सोडला तरी आकडा हलतो. मी ब्लँक ठेवला. आकडा थांबेना, वाढतच होता. शून्य करून पुन्हा ठेवला... पुन्हा तेच. "सलीमभाई, लावलात ना हा पंपात!" मी मनातल्या मनात त्यांना झापलं आणि फोन करायला उठले.

दार उघडेना. मूठ हातात नुसती गरगर फिरत होती.

दुसऱ्या कुणीही दार बडवलं असतं. मी नाही बडवलं. काट्यावर फिल्टर असताना धक्का लावायचा नाही, दार आपटायचं नाही, हे अंगात इतकं मुरलंय की कोंडली गेले तरी मी शहाण्यासारखी परत खुर्चीत जाऊन बसले! जेवण उरकून येईलच कुणीतरी, म्हटलं.

मग ओठ खारट लागले. घाम असेल म्हणून पुसायला गेले, तर चेहरा कोरडा. खोलीत वास यायला लागला — गंजाचा, मासळीचा. छाती आवळली गेली. मला दमा नाही हो! पण श्वास आत जाईना. समोर आकडा चढतोय आणि ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. ही माझी खोली नाही, मी दुसऱ्याच कुठल्यातरी खोलीत अडकलेय, असं पक्कं वाटायला लागलं. इतकी घाबरले की रडूच आलं.

आणि दार उघडलं. बाहेर आमचे देवरे सर, तोंडात घास तसाच. "अगं, केवढ्यांदा बडवतेस? तिकडे जेवणाच्या खोलीपर्यंत ऐकू आलं. दार तोडतेस की काय!"

"सर... मी दाराला हातच लावला नाही."

 त्यांच्या मागून दोघीजणी धावत आल्या होत्या. बडवणं त्यांनीही ऐकलं होतं.

डोक्यात अजून ब्लँकचा राग होता. मी सलीमभाईंना फोन लावला. उचलेनात. परत लावला. शेवटी कारखान्यासमोरच्या चहावाल्याला लावला, त्याचा नंबर भाईंनीच अडीअडचणीला देऊन ठेवला होता. "भाई होय? मघाशी वर गेले, उतरताना नाय बघितले," तो म्हणाला. का कोण जाणे, मी किंचाळलेच, "आत्ता वर जा! पळत जा!"

जिन्याच्या टोकाशी पेट्या ठेवायची कोंदट खोली होती, तिथे ते सापडले. वाऱ्याने लोखंडी दार आपटलं होतं आणि बाहेरची कडी पडली होती. फोन आणि इनहेलर गच्चीवर पिशवीत. भाई अर्धवट शुद्धीत होते. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या दाराची मूठ मिस्त्रीने बदलली. स्क्रू ढिला होता म्हणे. ब्लँक पुन्हा तोलला तर पाठवताना होता तेवढाच भरला. ओठ, वास, आकडा... भास म्हणा, माझी हरकत नाही. घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं. पण बाहेर घास चावत बसलेल्या तिघांना कसली भीती होती?

भाई घरी आल्यावर मी सायखेड्याला भेटायला गेले. दोन्ही हातांना पट्ट्या. भाभींनी चहा आणला.

"ताई, हात फुटेस्तोवर दार बडवलं बघा," ते म्हणाले. "खाली टपरीवर माणसं बसलेली, पण समुद्राचा आवाज लय मोठा. या अल्ला, वाटलं, खतम. एवढं बडवलं, पण एका माणसाला ऐकू गेलं नाय."

"गेलं, भाई," मी म्हणाले.

कुणाला, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी पट्ट्या बांधलेल्या त्या हातांनीच चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.