चिंचेखालची टीचर

खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या वेफर्सचा वास आला, की मला दापोड्यातली ती दुपार आठवते. आमच्या गोदामात माल घेऊन येणारा केरळचा ड्रायव्हर वाट चुकला होता आणि काका फोनवर ओरडून ओरडून त्याला हिंदीत पत्ता सांगत होते. शेवटी "याला हिंदी येतच न्हाय!" म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला. तो परत वाजला, तेव्हा भाकरी थापणाऱ्या आईने पिठाचे हात पदराला पुसले नि तो उचलला. मी पहिलीत होते. माझ्यासाठी भिंतीवर लावलेला पूल, देऊळ, वर, खाली, मागे असा इंग्रजी चित्रांचा तक्ता माझ्याआधी तिलाच पाठ झाला होता. "ब्रिज. नो अप. अंडर," ती सावकाश म्हणाली, "देन टेम्पल. टेम्पल बिहाइंड, बिग ट्री. आय स्टँड." आणि मला घेऊन ती खरंच देवळामागच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने देवळाला वळसा घालून ट्रक आला. ड्रायव्हरने उतरून हात जोडले, वेफर्सची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "थँक यू, टीचर." 'मी टीचर नाही' असं काही आई म्हणाली नाही, मान ताठ करून "वेलकम" म्हणाली. आता मी भिवंडीत इंग्रजी शिकवते. वर्गात शिरताच मुलं 'टीचर' म्हणून ओरडतात, आणि दर वेळी माझी मान आईसारखी ताठ होते.